केल्विनचे तीस दिवस

केल्विन बार्विकला राग आला की तो आधी आपला चहाचा कप उचलायचा. फेकायला नाही हो! एवढी हिंमत असती तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. कपाखाली चिठ्ठी सरकवायला.

त्याचं असं होतं. डोकं तापलं की केल्विन संगणकापुढे बसून समोरच्याला सणसणीत मेल लिहायचा. पण ती मेल तो सरळ पाठवायचा नाही. त्याने स्वतःच एक छोटासा कोड लिहून ठेवला होता. त्याच्या हवाली मेल करायची आणि सांगायचं, "दहा मिनिटांनी पाठव." यंत्र म्हणायचं बरं, आणि बदल्यात एक आकडा द्यायचं. तो आकडा टाकला की काम रद्द. केल्विन आकडा पिवळ्या चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी कपाखाली ठेवायचा आणि चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत राग निवायचा. मग रिकामा कप उचलला की खाली चिठ्ठी दिसायची, साहेब मुकाट्याने आकडा टाकायचे आणि मेल जागच्या जागी मरायची. तेवीस वर्षं हा उद्योग चालला होता. लिहिल्या शेकड्यांनी, पोचली एकही नाही. अशा माणसाला ऑफिसात सगळे काय म्हणत असतील? "केल्व ना? अरे, भला माणूस! त्याला राग म्हणून येतच नाही."

टास्मानियातल्या आमच्या अल्व्हरस्टन गावाच्या आसपास बटाटा, कांदा आणि त्यांना लागणारे पाण्याचे पंप, एवढंच काय ते आहे. ते पंप शेतकऱ्याला खिशातल्या फोनवरून चालू-बंद करता यावेत म्हणून एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर चार माणसं कोड लिहीत आणि विकत बसायची. मालकीण रॉझलिन टब. तिचा आवाज खाली बेकरीत पाव घेणाऱ्यालाही ऐकू जायचा. विक्री डॅरिलकडे. कोड लिहायला जेसिंता पायबस आणि आमचा केल्विन. खरं सांगायचं तर लिहायची जेसिंता. केल्विन तिच्या मागनं आवरत फिरायचा.

आवरायचं काय? टायमर. यंत्राला सांगून ठेवायचं की अमुक वेळाने मला हाक मार आणि हे काम कर, किंवा दर पाच सेकंदांनी हाक मारत राहा. यंत्र बिचारं आज्ञाधारक. तुम्ही जेवायला जा, घरी जा, विसरून जा, ते आपलं हाका मारतच राहणार. कुणीतरी "पुरे आता" म्हणावं लागतं. आणि नेमकं तेवढं जेसिंता विसरायची. हुशार बाई, विजेसारखी बोटं चालायची, पण सुरू केलेलं बंद करायचं म्हणून ठाऊक नाही. तिचे चहाचे कपसुद्धा तसेच. एक खिडकीत, एक जिन्यात, एक प्रिंटरवर.

मर्व्ह फीबी नावाचा आमचा एक जुना शेतकरी. पंप नीट चाललाय ना, ही चिंता त्याला दिवसातून चाळीसदा यायची आणि चाळीसदा तो फोनवर पंपाचं पान उघडायचा. दर वेळी जेसिंताचा एक टायमर सुरू व्हायचा, पान मिटलं तरी मागे उरायचा. दुपारपर्यंत मर्व्हच्या खिशात चाळीस टायमर एकदम ओरडत असायचे, "पंप चालू आहे का? पंप चालू आहे का?" फोन तापून लाल! शेवटी मर्व्हने ऑफिसात फोन केला. "केल्व, माझी मांडी भाजतेय. हे पंपामुळे की वयामुळे?"

केल्विन दोन दिवस खपला, एकेक टायमर शोधून मारला. जेसिंताला मात्र तोंडाने अवाक्षर बोलला नाही. भिंतीवर पहिला नियम चिकटवला: 'जो सुरू करेल, तोच बंद करेल.' जेसिंताला वाटलं हे हीटरबद्दल आहे. मग त्याने तेच बेसिनवर चिकटवलं. कप होते तिथेच राहिले. हताश होऊन त्याने एक प्रत घरी नेली आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या बेसिनवर लावली. तिथे त्याची बायको नोएलीन म्हणाली, "इथे सुरू मीच करते आणि बंदही मीच करते. हे नक्की कुणाला वाचायला लावलंयस?"

चौथा नियम आला तो गेल्या उन्हाळ्यात. मर्व्हला अठ्ठावीस दिवसांनी खताचं पाणी सोडायचं होतं. जेसिंताने अठ्ठावीस दिवसांचा टायमर लावला आणि पंप त्याच क्षणी धो धो सुरू झाला! उपटून वाळत घातलेला अख्खा कांदा भिजला आणि कांद्याच्या मधोमध उभा असलेला मर्व्हही भिजला. का, तर या टायमरची बोटं मोजता मोजता चोवीस दिवस आणि काही तासांवर संपतात. त्याच्या वरचा आकडा दिला की त्याचा गोंधळ उडतो. त्याला वाटतं थांबायचंच नाही, आणि ते काम तिथल्या तिथे उरकून मोकळं होतं. एरवी तोंड न उघडणारा केल्विन या वेळी मात्र खुलला. हे कोडचं होतं ना, कोडबद्दल बोलायला त्याला भीती वाटत नसे. पंधरा दिवस त्याने जेसिंताचं डोकं खाल्लं. "चोवीस! लिहून घे. त्यापुढचं काही असेल तर तारीख लिहून ठेवायची आणि रोज सकाळी बघायची." भिंतीवर चौथा नियम लागला, खाली लाल रेघ, एक नाही, दोन.

आता या असल्या माणसाची नोकरी सुटायची वेळ का आली, ते ऐका. म्हातारा झाला म्हणून नाही, कुणी काढलं म्हणूनही नाही. किटलीमुळे.

वर्षापूर्वी एकदा किटली ठेवून रॉझलिन उभी होती. शेजारी केल्विन. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "काय केल्व, आता कॅरव्हॅन घेऊन भटकायचे दिवस आले, नाही का?"

केल्विन म्हणाला, "हं."

बस्स, एवढंच. पाणी उकळायच्या आत निवृत्ती ठरली. शनिवारी दुकानात रॉझलिनने नोएलीनला गाठलं, "अगं, कधी निघताय मग?" नोएलीनने सोमवारी कॅरव्हॅनची, म्हणजे गाडीमागे ओढायच्या त्या चाकांवरच्या घराची, ताडपत्री मागवली. महिन्याभरात समुद्रापार नेणाऱ्या फेरीबोटीची तिकिटंसुद्धा आली. आणि केल्विनला जायचं नव्हतं हो! त्याला सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन खिडक्या उघडायला आवडायचं. खालून भाजलेल्या पावाचा वास यायचा, जेसिंताने आदल्या दिवशी काय घाण करून ठेवलीय ती उकरायला तो बसायचा, आणि त्या वेळी अख्ख्या टास्मानियात त्याच्याइतका सुखी माणूस नसायचा. उद्या सांगू, उद्या सांगू, असं म्हणत वर्ष गेलं. 'रॉझलिन, मला जायचं नाही' अशी मेल त्याने अकरा वेळा लिहिली. अकराही वेळा चहा संपला आणि कपाखालची चिठ्ठी निघाली.

एप्रिलातल्या एका मंगळवारी, म्हणजे फेरीला बरोबर तीस दिवस उरले असताना, सकाळी दहाच्या सुमारास डॅरिलने कसल्याशा कागदांच्या खाली लपवून एक कार्ड फिरवायला घेतलं. रॉझलिनकडून जेसिंताकडे, जेसिंताकडून परत डॅरिलकडे. डॅरिल फोनवर बोलत होता. बोलता बोलता त्याने ते शेजारच्या टेबलावर सरकवलं आणि खुणेनेच सांगितलं, सही कर. शेजारचं टेबल केल्विनचं.

केल्विनने उघडलं. त्याच्याच निरोपाचं कार्ड! वर एका म्हाताऱ्याचं चित्र, हातात गळ. आत रॉझलिनने लिहिलं होतं, 'कॅरव्हॅन जपून चालव.' डॅरिलने, 'मजा कर.' जेसिंताने, 'सुटलास!'

तेवीस वर्षं, आणि मिळाली एवढी तीन वाक्यं. पण डॅरिलला ओशाळं वाटायला नको म्हणून या भल्या माणसाने काय करावं? पेन काढलं, खाली लिहिलं, 'मनापासून शुभेच्छा, केल्विन', आणि कार्ड मिटून परत केलं. डॅरिलने फोनवर बोलता बोलताच 'छान' म्हणून अंगठा उंचावला.

मग मात्र त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने कीबोर्ड पुढे ओढला आणि एकच मेल तिघांनाही लिहिली.

'डॅरिल, तू शिंपल्यांची करी मायक्रोवेव्हमध्ये गरम करतोस त्याला अकरा वर्षं झाली. माझ्या स्वेटरला तुझ्या करीचा वास येतो. जेसिंता, तुझ्याइतकं चांगलं डोकं मी दुसरं पाहिलं नाही आणि तुझ्याइतके खरकटे कपही पाहिले नाहीत. रॉझलिन, कांद्याचा किस्सा तू प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतेस आणि त्यात चूक माझी होती असं सांगतेस, कारण म्हणे माझं तोंड जास्त विनोदी आहे. आणखी एक. मला जायचं नव्हतं. किटलीपाशी तू विचारलंस आणि मी हं म्हणालो. तेवढंच झालं. मला इथेच राहायचं होतं. तुमचा केल्विन.'

पाठवायची कधी? पंचाईतच नाही. तीस दिवसांनी सकाळी तो नोएलीनबरोबर फेरीच्या डेकवर असणार, भोवती समुद्र, फोनला रेंज नाही. मेल पोचेल तेव्हा कुणाला तोंड दाखवायला नको. झाडूच्या कपाटात एक जुनाट यंत्र होतं, सहा वर्षांत कुणी बंद न केलेलं. तिथेच केल्विनचा तो कोड चालायचा. आणि मन बदललंच तर आहेच की चिठ्ठी, या वेळी दहा मिनिटं नाही, चांगला महिना हाताशी! केल्विनने तीस दिवसांचे तास केले, तासांची मिनिटं, मिनिटांचे सेकंद, सेकंदाचे हजार तुकडे. दोनशे एकोणसाठ कोटी वीस लाख. पेन्सिलीने पुन्हा गुणून पाहिलं. बरोबर. आकडा घातला, बटण दाबलं. यंत्राने बदल्यात आकडा दिला, एकसष्ट. त्याने पिवळ्या चिठ्ठीवर एकसष्ट लिहिलं आणि चिठ्ठी खाली सारायला कप उचलला.

टिंग! डॅरिलच्या टेबलावर वाजलं.

टिंग! जेसिंताच्या.

आतल्या खोलीत, रॉझलिनच्या, टिंग!

केल्विनचा कप हवेतच राहिला. डोळे आपोआप भिंतीवर गेले. चौथा नियम. त्याच्याच अक्षरातला. लाल रेघा दोन.

त्याची पाचावर धारण बसली. त्याने घाईघाईने एकसष्ट टाकून रद्द म्हटलं. यंत्र काही बोललं नाही. पुन्हा रद्द म्हटलं, पुन्हा गप्प. चार वेळा म्हटलं. होऊन गेलेलं काम रद्द कर म्हटलं तर हे यंत्र भांडत नाही, आता उशीर झाला असंही सांगत नाही, निमूट ऐकून घेतं आणि काहीच करत नाही. स्वभावाने केल्विनवरच गेलेलं. तो उठला, तरातरा झाडूच्या कपाटात शिरला, आतून दार ओढलं आणि यंत्राचा प्लग उपटला. त्याचा काय उपयोग होता, देव जाणे! हातात प्लग घेऊन तो बादलीवर बसला आणि जमीन दुभंगायची वाट बघत राहिला.

दारावर टकटक झाली. "केल्व," जेसिंताचा आवाज. "एकच विचारते. किती दिवस घातलेस?"

आत बादली करकरली.

"केल्व?"

"तीस," केल्विन म्हणाला.

बाहेर धप्प असा आवाज झाला. जेसिंता खाली बसली होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. "तीस! अरे देवा, तीस! पंधरा दिवस माझं डोकं खाल्लंस रे मेल्या! लिहून घे म्हणालास! लिहून घेतलंय मी, पाठ आहे मला!"

"हसू नकोस."

"हसू नको? मर्व्हला फोन करून सांगणार आहे मी." मग हसणं थांबलं. "केल्व, ते डोक्याबद्दलचं... तू असं याआधी कधीच म्हणाला नाहीस."

"कपांबद्दलही म्हणालो नव्हतो."

"कप मी धुते. आत्ताच धुते. तू बाहेर तर ये."

तेवढ्यात डॅरिल येऊन उभा राहिला. तो मनापासून दुखावला होता. "अकरा वर्षं? अकरा वर्षांत एकदा तोंड उघडायला काय झालं होतं?"

"चिठ्ठी लावली होती मी," कपाटातून उत्तर आलं. "मायक्रोवेव्हवर."

"'इतरांचा विचार करा' ही? मला वाटलं ती जोरात दार आपटण्याबद्दल आहे! मी अकरा वर्षं ते दार हळू लावतोय!"

आणि मग रॉझलिनचा आवाज आला. वरचा मजला तर सोडाच, खाली बेकरीत माणसं थांबली असतील. "केल्विन बार्विक! बाहेर ये!"

केल्विन बाहेर आला. हातात प्लग तसाच. रॉझलिन त्याच्या टेबलाशी उभी होती, चष्मा डोक्यावर, डोळे लाल. रागाने की कशाने, ते केल्विनला कळेना.

"हे शेवटचं जे लिहिलंयस ते खरं आहे?"

"ते... म्हणजे टायमरचं असं झालं की चोवीस दिवसांच्या पुढे..."

"टायमर गेला खड्ड्यात! मी टायमरचं विचारलं का? तुला जायचंय की नाही जायचं?"

"मी... मी नीट विचार करून..." केल्विनचा हात सवयीने कपाकडे गेला. "दहा मिनिटांत सांगतो."

रॉझलिनने कप उचलला. अर्धा भरलेला होता. ती बेसिनपाशी गेली, चहा ओतून दिला आणि कप आपल्या काखेत धरून परत येऊन उभी राहिली. "कप माझ्याकडे. आता सांग."

डॅरिलने वाजता फोनसुद्धा बंद केला, यावरून काय ते समजा. केल्विनने घसा खाकरला. साठी उलटलेला माणूस, पण शाळेत फळ्यापुढे उभं केल्यासारखे त्याचे कान लाल झाले होते.

"नाही," तो म्हणाला. आवाज नीट फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाला. "मला नाही जायचं."

"मग मूर्खा, किटलीपाशी का नाही म्हणालास!" रॉझलिन ओरडली आणि तिचा आवाज मध्येच चिरकला. "तू नाही म्हणशील म्हणून तर विचारलं होतं! तू 'हं' म्हणालास. मला वाटलं आमचा कंटाळा आला तुला. मी त्या दिवशी गाडीत बसून रडले, ठाऊक आहे? आणि मग तोंडदेखलं हसत त्या ताडपत्रीचं कौतुक करत बसले, वर्षभर!"

"तू रडलीस?" केल्विन म्हणाला. त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

"चिठ्ठी लावायला हवी होती का मी?" तिने नाक पुसलं. "उद्यापासून नेहमीसारखा येत जा. आणि कांद्याचा किस्सा मी सांगणार, आधीच बजावून ठेवते. आता तर तीच चूक तू खरंच केलीयस."

जेसिंताने टाळी वाजवली. डॅरिलने ते कार्ड काढलं, उघडलं आणि पहिल्यांदाच खालची सही नीट वाचली. "थांबा, थांबा. याने स्वतःच्याच कार्डावर सही केलीय?" पुढची पाच मिनिटं तिथे काय गदारोळ झाला ते लिहिण्यात अर्थ नाही. हसणं ओसरल्यावर डॅरिलनेच ते विचारलं, जे कुणालाच विचारायचं नव्हतं. "पण नोएलीनला कोण सांगणार?"

केल्विनचा चेहरा पडला. ताडपत्री आलेली. तिकिटं आलेली. फ्रिजवर सामानाची यादी, तिसरं पान चालू. रॉझलिन कप काखेत घट्ट धरून त्याच्याकडे बघत होती. त्याने संगणकाकडे पाहिलं, मग फोन उचलला.

"नोएलीन," तो म्हणाला. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. "ऐक. मला निवृत्त व्हायचं नाहीये. कधीच नव्हतं."

भांड्यांचा आवाज थांबला.

"झालं एकदाचं!" नोएलीन म्हणाली. "वर्षभर झोपेत बडबडतोयस, मला जायचं नाही, मला जायचं नाही. जागेपणी कधी म्हणतोस याची वाट बघून बघून माझी तिसरी यादी झाली."

"झोपेत? अगं, मग मला सांगितलं का नाहीस?"

"मी का सांगू? 'हं' कुणी म्हटलं, मी?" तिचा आवाज शांत होता. तोंड आपल्या बेसिनकडे वळलेलं असणार, हे केल्विनला न बघताही कळलं. "माझ्या नाकासमोर तुझ्याच हातची चिठ्ठी आहे, केल्विन. जो सुरू करेल, तोच बंद करेल. रोज वाचते मी."

केल्विनने भिंतीवरच्या पहिल्या नियमाकडे पाहिलं.

"आणि कॅरव्हॅन जाणार," ती म्हणाली. "मी आणि माझी बहीण जाणार. तू रजा काढून ये. तीनच आठवडे, त्याच्या वर नको. चोवीस दिवसांपुढे तुझा भरवसा नाही, जेसिंताने आत्ताच मेसेज करून कळवलंय मला."